वसंताच्या वाटेवरचे सहप्रवासी

वसंताला आपल्या वाङ्मयाने ऋतुराज म्हटले आहे. आंब्याला मोहोर आला, पळस पेटला, कोकिळाचा पंचम कानी पडला, की राजाची स्वारी येऊन पोहोचली असे आपण समजतो. पण ही स्वारी कोणत्या वाटेने आली, काल तिचा मुक्काम कोठे होता आणि उद्या ती कोठे जाणार, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या देशातला खरा प्रवासी ऋतू म्हणजे पावसाळा. तो साधारणतः १ जूनला केरळच्या किनाऱ्यावर उतरतो, ११ जूनच्या सुमारास मुंबई गाठतो आणि ८ जुलैपर्यंत सारा देश व्यापतो. त्याच्याबरोबर आफ्रिकेतून चातक येतो. आज मोसमी वारे कोठवर आले याची वार्ता आपण उत्सुकतेने ऐकतो, आणि ऋतू हा चालत येणारा पाहुणा आहे ही गोष्ट त्या चार-पाच आठवड्यांत लहान मुलालाही समजते.

उत्तर अमेरिकेत असा चालत येणारा ऋतू म्हणजे वसंत. तेथील दक्षिण टोकाला, फ्लॉरिडात, फेब्रुवारीतच त्याची चाहूल लागते. उत्तरेकडील कॅनडाच्या सीमेवर मात्र एप्रिलमध्येही बर्फ असते. या दोन टोकांमधले अंतर वसंत हळूहळू तोडतो. ही गती मोजण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केलेला आहे. अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली एक नियम मांडला. उत्तरेकडे एक अक्षांश सरकले की वसंताच्या खुणा सुमारे ४ दिवस उशिरा दिसतात, आणि ४०० फूट उंच चढले तरीही तेवढाच उशीर होतो, असे त्याचे म्हणणे. एक अक्षांश म्हणजे सुमारे ६९ मैल. तेव्हा वसंत सपाट भूमीवर दिवसाला पंधरा-सतरा मैल चालतो, आणि डोंगर मात्र दिवसाला अवघा शंभर फूट चढतो. बैलगाडीलाही लाजवील अशी ही संथ चाल! परंतु ती संथ आहे म्हणूनच माणसाला तिच्याबरोबर जाणे शक्य आहे.

असे जाण्याचे एका दांपत्याने ठरविले, आणि १९४७ साली ते प्रत्यक्षात आणले. एडविन वे टील आणि त्यांच्या पत्नी नेली हे ते दांपत्य होय. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांचे घर होते. मोटारीत नकाशे, दुर्बिणी, कॅमेरे, पक्ष्यांची व फुलांची ओळख पटविणारी पुस्तके आणि टिपणवह्या भरून फेब्रुवारीच्या मध्यास ते निघाले. वसंताला भेटण्यासाठी त्यांना आधी हिवाळा ओलांडून दक्षिणेस जावे लागले. फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांनी वसंताची गाठ घेतली, आणि तेथून त्याच्या पावलांनी, वाट वाकडी करीत, कधी पुढे जात तर कधी मागे रेंगाळत, उत्तरेचा रस्ता धरला. जूनच्या २१ तारखेला, वर्षातील सर्वांत दीर्घ दिवशी, न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्स या पर्वतराजीत हा प्रवास संपला, तेव्हा मोटारीने १७,००० मैल तोडले होते.

हा आकडा जरा तपासून पाहण्यासारखा आहे. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकापासून व्हाइट माउंटन्सपर्यंत उत्तरेकडचे सरळ अंतर तेराशे मैलांच्या आसपास भरते. म्हणजे वसंताने एक मैल चालावे आणि या दोघांनी बारा-तेरा मैल हिंडावे, असा हा हिशेब झाला. त्यांना कोठेही पोहोचायचे नव्हते. त्यांना पाहायचे होते. एखाद्या आडरस्त्याला सुतारपक्ष्याचा ठोका ऐकू आला तर मोटार थांबे. एखाद्या खेड्याबाहेरच्या डबक्यात बेडूक ओरडू लागले तर संध्याकाळ तेथेच जाई. वेगासाठी निर्माण झालेले वाहन त्यांनी थांबण्यासाठी वापरले.

टील यांचा पूर्ववृत्तान्त या प्रवासावर प्रकाश टाकणारा आहे. त्यांचा जन्म १८९९ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या औद्योगिक गावी झाला. परंतु त्यांचे मन घडले ते इंडियानातील वाळूच्या टेकड्यांजवळ आजोबा-आजींच्या शेतावर घालविलेल्या सुट्यांत. महाविद्यालयात नेली डोनोव्हन यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि १९२३ साली विवाह झाला. पुढे तेरा वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या एका लोकप्रिय विज्ञानविषयक मासिकात नोकरी केली. पगार नियमित होता, पण मन रानात होते. घराजवळची एक जुनी फळबाग त्यांनी वर्षाला दहा डॉलर भाड्याने घेतली. फळांसाठी नव्हे, तर तेथे येणाऱ्या कीटकांचे निरीक्षण करण्यासाठी! अखेर १५ ऑक्टोबर १९४१ रोजी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि तो दिवस ते पुढे आपला स्वातंत्र्यदिन मानीत राहिले. मध्यमवर्गीय संसारात असा निर्णय एकट्याच्या बळावर घेता येत नाही. नेली यांची संमती आणि काटकसर त्यामागे उभी होती.

परंतु या दोघांच्या प्रवासाला आणखी एक पार्श्वभूमी आहे, आणि ती ध्यानात घेतल्यावाचून त्याचा अर्थ पुरता उमगत नाही. त्यांना डेव्हिड नावाचा एकुलता एक मुलगा होता. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला, आणि मार्च १९४५ मध्ये, युद्ध संपण्यास जेमतेम दोन महिने उरले असताना, जर्मनीत मोझेल नदीवर रात्रीच्या टेहळणीस गेला तो परत आला नाही. आरंभी केवळ बेपत्ता अशी वार्ता आली. त्या शब्दात आशेला जागा असते, आणि म्हणूनच तो शब्द मृत्यूच्या वार्तेहून अधिक छळतो. आईबापांनी ती आशा महिनोन् महिने जपली. शेवटी मृत्यूची निश्चिती झाली. विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा गेला आणि घरात दोघेच उरली.

वसंतयात्रेची कल्पना जुनी होती. युद्धामुळे ती मागे पडली होती. आता युद्ध संपले होते, मोकळा वेळ होता, आणि बरोबर नेण्यासारखे दुःखही होते. या प्रवासाचे वर्णन करणारे ‘नॉर्थ विथ द स्प्रिंग’ हे पुस्तक १९५१ साली प्रसिद्ध झाले; ते डेव्हिडला अर्पण केलेले आहे. आत चारशे मैलांचा वारा आहे, हजार फुलांचे रंग आहेत. शोकाचे प्रदर्शन मात्र कोठेही नाही. अर्पणपत्रिका वाचून जो पुढे जातो त्याला मात्र प्रत्येक घरट्यापाशी, प्रत्येक नव्या पालवीपाशी दोन माणसे का इतका वेळ थांबतात, हे कोणी सांगावे लागत नाही.

आता त्या वाटेवरची काही ठिकाणे पाहू. एव्हरग्लेड्सला दलदल म्हणण्याची रीत आहे. खरे तर ती एक नदी आहे. ओकीचोबी सरोवरातून सांडणारे पाणी कधी काळी पन्नास-साठ मैल रुंद पण अत्यंत उथळ अशा पात्रातून, करवतीसारख्या कडांच्या गवतामधून, समुद्राकडे सरकत असे. त्याची गती डोळ्यांना दिसत नसे. या पाण्यात एक गोगलगाय वाढते, आणि त्या गोगलगाईवर जवळजवळ सर्वस्वी अवलंबून असलेली एक घार तेथे राहते. तिची चोच बारीक व आकड्यासारखी वाकडी असते. शंखातून मांस काढण्याचे काम तिला नेमके साधते. पाणी आटले तर गोगलगाय जाते, आणि गोगलगाय गेली की घारही जाते. निसर्गातल्या अशा साखळ्या शब्दांनी समजावून सांगणे अवघड. प्रत्यक्ष पाहिली म्हणजे ती एका क्षणात समजते.

याच प्रदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी बगळ्यांची भयंकर कत्तल झाली. विणीच्या हंगामात बगळ्याच्या पाठीवर तलम पिसांचा तुरा येतो. तो तुरा स्त्रियांच्या टोप्यांवर मिरविण्याची फॅशन निघाली आणि त्या पिसांना वजनाने सोन्याहून अधिक भाव आला. आईबाप मारले गेले आणि पिल्ले घरट्यांतच उपाशी मेली. त्यांचे रक्षण करण्यासाठी नेमलेला गाय ब्रॅडली नावाचा रखवालदार १९०५ साली शिकाऱ्यांना अटकाव करताना गोळी लागून मरण पावला. पुढे कायदे झाले, १९१८ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांना देशव्यापी संरक्षण मिळाले, आणि बगळे परतले. टील दांपत्य ज्या वर्षी तेथून गेले त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. पांढऱ्या बगळ्यांचा थवा उडताना पाहून आनंद होतो, त्या आनंदाची किंमत कोणी तरी आधी मोजलेली असते.

मेक्सिकोच्या आखाताचा किनारा हे वसंतातील आणखी एक महाद्वार. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढून उत्तरेकडे परतणारे कित्येक लहान पक्षी पाचशे-सहाशे मैलांचे हे आखात एका दमात ओलांडतात. संध्याकाळी दक्षिण किनाऱ्यावरून निघून रात्रभर पंख हलवीत ते दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या किनाऱ्यावर येतात. तीन-साडेतीन ग्रॅम वजनाचा, माणकासारख्या लाल गळ्याचा हमिंगबर्डही त्यांत असतो. वारा अनुकूल असला तर हे पक्षी किनारा सोडून आतल्या रानापर्यंत जातात. समोरून वादळ आले तर किनाऱ्यावरच्या पहिल्या झाडावर अक्षरशः कोसळतात. तेव्हा एकेका झुडपावर निळे, पिवळे, केशरी असे शेकडो जीव थकून बसलेले दिसतात. पाहणाऱ्याला ती पर्वणी वाटते; पक्ष्यांच्या दृष्टीने ती जिवावरची वेळ असते.

वाटेत डोंगर लागले की वसंतयात्रीला एक नवे भाग्य लाभते. ग्रेट स्मोकी पर्वतात १,५०० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. त्यांतील सर्वांत उंच शिखर ६,६४३ फुटांचे आहे. चेरोकी लोक त्याला कुवोही म्हणत. मधल्या काळात त्यास क्लिंगमन्स डोम हे नाव पडले आणि २०२४ साली मूळ नाव पुन्हा अधिकृत झाले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढण पाच हजार फुटांहून अधिक. हॉपकिन्सच्या हिशेबाने वसंताला ती चढण्यास पन्नासहून अधिक दिवस लागतात. त्यामुळे खाली ज्या फुलांचा बहर ओसरला तीच फुले वर कळीत असतात. तीन पाने आणि तीन पाकळ्या असलेले ट्रिलियम दरीत कोमेजलेले पाहावे आणि मोटारीने तासभर चढून ते पुन्हा टवटवीत उमललेले पाहावे, हे येथे सहज घडते. गेलेला काळ परत येत नाही म्हणतात; पण डोंगर चढणाऱ्याला वसंतापुरता तो परत मिळतो. ज्यांचे एक माणूस कायमचे गेले होते त्या दोघांना हा अनुभव कसा वाटला असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी.

परंतु सर्वत्र असेच होते असे नाही. टेनेसी राज्याच्या कोपऱ्यात डकटाउन नावाचे गाव आहे. तेथे १८४३ साली तांबे सापडले. खनिज भाजण्यासाठी भोवतालची झाडे तोडली गेली, उघड्यावर रचलेल्या ढिगांतून गंधकाचा विषारी धूर महिनोन् महिने निघत राहिला, आणि सुमारे ५० चौरस मैलांची भूमी उजाड, तांबडी झाली. शेजारच्या जॉर्जिया राज्याने फिर्याद केली तेव्हा १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या बाजूने निर्णय दिला. पण न्यायालयाच्या निर्णयाने गवत उगवत नाही. टील तेथे गेले तेव्हाही त्या टेकड्या ओसाड होत्या, आणि त्या विषारी टेकड्यांवर त्यांनी आपल्या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. भोवतालच्या रानात पालवी फुटलेली, आणि मध्येच वसंताला पाय ठेवायलाही जागा नसलेला हा प्रदेश! पुढे अनेक दशकांच्या वृक्षारोपणाने त्यातील बराच भाग हिरवा झाला. बिघडवण्यास जेवढा काळ लागला त्याहून सुधारण्यास अधिक लागला, हे मात्र विसरून चालणार नाही.

या प्रवासात नेली यांचा वाटा कोणता, हा प्रश्न रास्त आहे. मुखपृष्ठावर नाव एकाचे आहे. पण आतील कथन सर्वत्र दोघांचे आहे. नेली यांचा कान तीक्ष्ण होता, पक्षी दिसण्यापूर्वीच तो आवाजावरून ओळखण्याची त्यांना हातोटी होती. पक्षिनिरीक्षणात अशा जोडीदाराचे मोल फार. एकाने पाहावे, दुसऱ्याने ऐकावे. एकाने टिपून घ्यावे, दुसऱ्याने शंका काढावी. आणि दिवसअखेर दोघांच्या स्मरणातून दिवस पुरा व्हावा. रानात बराच वेळ मौन पाळावे लागते. ज्या दोघांना एकमेकांच्या सहवासात अवघडल्यावाचून गप्प बसता येते, त्यांचेच पक्षिनिरीक्षण यशस्वी होते. संसाराचेही बहुधा असेच असावे.

एक ऋतू पाहून त्यांचे समाधान झाले नाही. १९५२ मध्ये त्यांनी शरदाचा, १९५७ मध्ये ग्रीष्माचा आणि १९६१-६२ मध्ये हिवाळ्याचा असाच पाठलाग केला. चार ऋतूंचे चार प्रवास मिळून ७६,००० मैल झाले आणि त्यांची चार पुस्तके झाली. चारही डेव्हिडलाच अर्पण केलेली आहेत. हिवाळ्यावरील शेवटच्या पुस्तकास १९६६ साली पुलित्झर पारितोषिक लाभले. मधल्या काळात, १९५९ साली, दोघांनी कनेक्टिकट राज्यातील हॅम्टन येथे एक जुने शेत घेतले आणि त्याला ‘ट्रेल वुड’ असे नाव दिले. एडविन टील १९८० मध्ये आणि नेली १९९३ मध्ये निवर्तल्या. ते शेत आज पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून राखलेले आहे आणि त्याच्या पायवाटांवरून कोणालाही हिंडता येते.

टील दांपत्याची वाट आज ओस पडलेली नाही. अमेरिकेतील अनेक निवृत्त जोडपी झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली फिरत्या घरासारखी मोटारगाडी घेऊन हिवाळा दक्षिणेत काढतात आणि वसंताबरोबर उत्तरेकडे परततात. लोकांनी त्यांना हिमपक्षी असे गमतीचे नाव दिले आहे. मे महिन्यात ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी मॅगी मार्श येथे अशा प्रवाशांची दाटी होते. कारण सरोवर ओलांडण्यापूर्वी वार्ब्लर जातीचे चिमुकले पक्षी तेथील झाडांवर विसावतात, आणि हाताच्या अंतरावर दिसतात.

पण पाहणारे वाढले, आणि पक्षी मात्र घटले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतील पक्ष्यांच्या संख्येत सुमारे २९० कोटींची घट झाली आहे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरची एक काळसर चिमणी १९४७ मध्ये हयात होती. तिच्या जातीचा शेवटचा पक्षी १९८७ साली पिंजऱ्यात मेला. ऋतूचेही वेळापत्रक बदलले आहे. हेन्री डेव्हिड थोरो, ज्यांच्या सविनय कायदेभंगाच्या विचाराचा गांधीजींनी आदराने उल्लेख केला, त्यांनी १८५२ ते १८५८ या काळात कॉंकर्ड गावच्या फुलांच्या बहरण्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. दीडशे वर्षांनी संशोधकांनी त्या ताडून पाहिल्या, तेव्हा तेथील फुले सरासरीने एक आठवडा आधी उमलू लागल्याचे दिसले. फुले लवकर आली आणि दूरदेशीचा पक्षी जुन्या वेळेवर आला, तर त्याच्या पिल्लांना अळ्या कोठून मिळणार?

डीडीटीचा गाजावाजा होत असताना १९४५ सालीच टील यांनी त्याच्या धोक्याविषयी लेख लिहून सावध केले होते. पुढे १९६२ मध्ये त्यांच्या स्नेही रेचेल कार्सन यांनी पक्ष्यांवाचून मुक्या झालेल्या वसंताचे चित्र जगापुढे ठेवले. ज्याने वसंत मैलामैलाने ऐकला, त्यालाच त्यातील एखादा सूर हरपल्याचे प्रथम कळते. थोरो यांच्याजवळ तर वही आणि पायवाट एवढेच साहित्य होते. पण त्यांनी तारीख घालून लिहिलेल्या ओळी दीडशे वर्षांनी साक्षीला उभ्या राहिल्या.

अशी वही ठेवण्यास अमेरिका लागत नाही, मोटारही लागत नाही. दिल्लीत, नागपुरात, इंदुरात वा बडोद्यात, प्रत्येक श्रोत्याच्या घराजवळ एखादा पळस, एखादी सावर, एखादा आंबा असेलच. त्याला पहिले फूल कोणत्या दिवशी आले, त्यावर पहिला कोकिळ कोणत्या पहाटे बोलला, एवढे घरातील दोघांनी मिळून दरवर्षी लिहून ठेवावे. दहा वर्षांनी ती वही काही तरी सांगू लागेल. आणि त्या निमित्ताने रोज सकाळी दोन माणसे घटकाभर एका झाडाखाली शेजारी उभी राहतील, हा लाभ पहिल्याच दिवसापासूनचा आहे.